सुधारगृह की घरी राहून सुधारणा?

आमच्या कळव्याच्या चाळीत १६ वर्षांच्या पोराला बाईक चोरीत पकडलं तेव्हा निम्मी चाळ म्हणत होती आत टाका, अक्कल येईल. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

सुधारगृहात शिस्त असते, वेळेवर जेवण असतं, आणि ज्याच्या घरातच मारहाण चालते त्याला कधीकधी तीच जागा सुरक्षित, हे मान्य. पण शाळा सुटते, मित्र तुटतात, आणि आपल्याहून तयार पोरांची संगत लागते.

दुसरा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच आहे. कलम १८ मध्ये समज देणं, ग्रुप काउन्सेलिंग, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांच्या ताब्यात ३ वर्षांपर्यंत प्रोबेशन, असं सगळं आहे, आणि स्पेशल होमची (कायद्यातलं सुधारगृह) मुदतही तेवढीच, म्हणजे जास्तीत जास्त ३ वर्षंच. फरक असा की घरी राहणाऱ्या पोराला रोज त्याच गल्लीतून, त्याच मित्रांसमोरून जाऊन नाही म्हणायला शिकावं लागतं, चार भिंतींत ती प्रॅक्टिस होतच नाही ना! पडल्यावर उठायची ताकद अशीच येते, सोबत एखादं भरवशाचं मोठं माणूस हवं मात्र, मग ती आई असो, सर असोत नाहीतर गॅरेजवाले काका.

गंभीर हिंसेच्या केसमध्ये मी असं सरसकट म्हणणार नाही, तिथे पीडिताचाही विचार हवाच. पण पहिल्यांदा मोबाईल, बाईक उचलणाऱ्या पोरासाठी माझं मत घरीच. आमच्याकडचा तो पोरगा आता आयटीआयला जातो.