तंबू की ताडपत्री, बूट की सँडल : खान्देशातल्या डोंगरासाठी काय घ्यावं

माझा भाचा अमळनेरला असतो, गेल्या दिवाळीत पोरांबरोबर अस्तंब्याच्या यात्रेला जाऊन आला आणि उतरल्यापासून त्याला डोंगराचं जे वेड लागलंय ते काही सुटत नाही. पंधरा हजार साठवलेत, रोज रात्री अकराला मला लिंका पाठवतो, मामा हा तंबू ९०० ग्रॅमचा आहे, मामा ही स्लीपिंग बॅग उणे दहाला चालते. म्हटलं बाबा तू जाणार कुठे ते आधी सांग. तर साल्हेर, तोरणमाळ, पाटणादेवीकडचं जंगल, रविवारी जवळच म्हणून लळिंगचा किल्ला, आणि जमलं तर क्लाइंबिंगचा कोर्स. मग उणे दहा घेऊन काय शेवभाजी गोठवायचीय का? त्याला फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं तेच इथे एकत्र लिहितोय, कारण हाच प्रश्न अजून दोन-तीन पोरांनी विचारला.

आधी पाण्याचं बोलू, कारण सगळे ग्रॅम ग्रॅम करतात आणि पाणी विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात कुठली कंपनी काही करू शकत नाही. हिवाळ्यात दिवसाला तीन लिटर धर, फेब्रुवारी संपला की चार-पाच, आणि आपल्याकडच्या किल्ल्यांवरची टाकी मार्चनंतर भरवशाची नाहीत, असलं तरी हिरवं पाणी. म्हणजे अडीच किलोच्या तंबूऐवजी चौपट पैसे देऊन ९०० ग्रॅमचा घेतलास तर वाचलं काय, दीड बाटली पाणी. बाटल्यांमध्ये मात्र फुकटात वजन वाचतं. ती डबल भिंतीची स्टीलची थर्मास बाटली रिकामीच अर्धा किलोच्या आसपास जाते, पाण्याची साधी विकतची लिटरची बाटली तीसेक ग्रॅम. तीन साध्या बाटल्या घे, एकीला ओला पंचा गुंडाळ, पाणी गार राहतं, पूर्वी जीपला छागल, म्हणजे पाण्याची कापडी पिशवी, टांगायचे ना तोच हिशोब. पाठीवरच्या नळीवाल्या पिशवीबद्दल विचारत होता, चालताना पीत राहता येतं हे खरं, पण किती उरलं ते कळत नाही आणि बाभळीचा काटा लागला की सगळं पाणी सॅकमध्ये. मी बाटलीवालाच. फिल्टर घेणार असशील तर एवढं लक्षात ठेव, ते स्ट्रॉसारखे बारीक छिद्रांचे फिल्टर जंतू आणि गाळ अडवतात, व्हायरस अडवत नाहीत, त्यामुळे गावाजवळच्या पाण्याला क्लोरीनचे थेंब किंवा उकळणं हवंच.

आता तंबू, ज्याच्यावर पोरगं सगळ्यात जास्त अडलंय.

दुकानात तीन प्रकार दिसतात. एक डोम, काठ्या घातल्या की आपोआप उभा राहतो, दोन माणसांचा अडीच-तीन किलो. दुसरा तो हलका, चालायच्या काठीवर आणि खुंट्यांवर ताणून उभा करायचा, किलोच्या आसपास. तिसरी ताडपत्री. हलका तंबू व्हिडिओत फार देखणा दिसतो कारण तिथं खाली गवताची मऊ जमीन असते, खुंटी अंगठ्याने दाबली की आत. आपल्याकडे काय आहे? किल्ल्यावर कातळ, खाली काळी माती. कातळात खुंटी जात नाही, काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी आणि पावसाळ्यात लोण्यासारखी, दोन्ही वेळा खुंटीचा उपयोग नाही. मी लळिंगला एकदा मित्राचा असला तंबू लावायला गेलो, चार वेगवेगळे दगड शोधून दोऱ्या बांधल्या, रात्री हायवेच्या बाजूने वारा सुटला आणि एक दगड सरकला तर अख्खा तंबू आमच्या तोंडावर. त्यामुळे खुंटीच्या जिवावर उभं राहणारं काही घेऊ नको. डोम जड आहे पण कातळावर उभा राहतो, उचलून सावलीत सरकवता येतो, आणि दोघांत वाटून घेतला तर माणशी दीड किलोच्या आतच.

पण खरं सांगू का, आपल्याकडे तंबू पावसासाठी कमी आणि विंचवासाठी जास्त लागतो. जूनमधे दगडाखालनं काय काय निघतं ते बघितलेला माणूस उघड्यावर झोपत नाही. म्हणून तंबू घेताना आतली जाळी बघ, चेन बघ, खालचा कपडा बघ, वरचा वॉटरप्रूफ आकडा नंतर. तो आकडा मिलीमीटरमध्ये लिहितात, म्हणजे कापडावर किती मिलीमीटर उंच पाण्याचा दाब ठेवला तरी गळत नाही ते. वर २००० असेल तर पुरे झालं, खाली जमिनीला जास्त पाहिजे कारण आपण वर झोपतो आणि गुडघा-कोपराचा दाब येतो. आणि एकाच थराचा तंबू तोरणमाळला यशवंत तलावाजवळ लावून बघ एकदा, थंडीत आपल्याच श्वासाची वाफ आतून थेंब थेंब टपकते, सकाळी वाटतं रात्री पाऊस झाला. दुहेरी थराचाच घे.

ताडपत्री माझी आवडती आहे, पण शेतातली उचलून नेऊ नको. ताडपत्रीवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. दहा बाय दहा फूट म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर, त्यामुळे मका झाकायची २०० जीएसएमची घेतली तर पावणेदोन किलोच्या वर गेलीच, डोमपेक्षा फार काही हलकी नाही. ९० ची घे, साडेआठशे ग्रॅममध्ये येते, चारशे-पाचशे रुपयात होते, फाटली तर रडायला येत नाही. तिच्यासोबत एका माणसाची मच्छरदाणी, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट दाबायच्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यात माझं भागतं. ट्रेकच्या दुकानातली सिलिकॉन लावलेली नायलॉनची ताडपत्री अजून हलकी, पण नायलॉन ओलं झालं की ढिलं पडतं, रात्रीतनं उठून दोऱ्या ताणाव्या लागतात, पॉलिएस्टरची असेल तर हा त्रास जवळपास नाही.

आणि ते हॅमॉक. म्हणजे आपली झोळीच, बाया शेतात बाळाला बांधतात ती. सातपुड्यात सागाची झाडं मिळतील, किल्ल्यावर कुठे बांधणार? थंडीत खालून पाठ गारठते ते वेगळंच. नको.

साल्हेरला तर वर गुहाच आहेत, बरेच लोक तंबू नेतच नाहीत. फक्त २०२५ मध्ये तो किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, तेव्हा मुक्काम चालेल का ते खाली गावात आधी विचारायचं. पाटणादेवीचा भाग गौताळा अभयारण्यात येतो, तिथं परवानगीशिवाय तंबूचं नावच काढू नको, बिबट्या आहे.

बुटांवर मात्र मी भांडतो. भाच्याचं म्हणणं बूट दोन हजारात बसवू आणि तंबूवर खर्च करू, माझं म्हणणं बरोबर उलटं. पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंसारखं लागतं असं जुने लोक म्हणतात, आणि साल्हेरच्या १५६७ मीटरवरनं उतरताना ते पटतं. माझी गोष्ट ऐक. चांगले महागाचे घोट्यापर्यंतचे बूट होते, नाव घेत नाही, दोन वर्षं वापरले मग कामात अडकलो आणि चार वर्षं माळ्यावर पडून होते, डब्यात, एकदम नव्यासारखे. साल्हेर उतरताना खिंडीच्या जरा वर डाव्या बुटाचा तळ पुढून उघडला, मगरीच्या तोंडासारखा, वाटलं चिकटवलेलं सुटलं असेल, बोट घातलं तर आतला फोम भरभुऱ्या शेवेसारखा हातात आला. सॅकची पट्टी काढून बांधला, अर्ध्या तासात उजवाही गेला. नंतर कळलं की तळातला तो पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू कुजतो, वापरला नाही तरी कुजतो, उलट पडून राहिलेला लवकर जातो. त्यामुळे सेलमधले चार-पाच वर्षं जुने पडून असलेले बूट कितीही स्वस्त असू दे, घ्यायचे नाहीत, आणि माळ्यावरचे असतील तर आधी घरात अंगठ्याने दाबून, वाकवून बघायचे.

पर्याय असे. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट हिमालयाला ठीक, आपल्या उन्हात आत पाय शिजतो आणि घाम बाहेर जात नाही. धावायचे जाळीचे हलके शूज मुरमावर बरे चालतात पण ऑक्टोबरनंतर कुसळं जाळीतून आत शिरतात, मोज्यात अडकतात, दर वीस मिनिटांनी बसून काढत बसायचं. सँडल ओढ्यापुरती. आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपात ते ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज उगाच नाही चालत, रबर ओल्या कातळावर धरतं, किंमत खिशाला परवडते, कापड जाड आहे. पॅडिंग कमी आहे, सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर चाललं की टाच बोलायला लागते, त्याला जाड मोजे आणि आत वेगळा सोल घालायचा. मी आता तेच घालतो. संध्याकाळी जाऊन घ्यायचे, पाय सुजलेले असतात तेव्हा, आणि पुढे बोटभर जागा पाहिजे नाहीतर उतरताना नखं काळी.

झोपायचं सामान. घरची गोधडी आईच्या मायेची वगैरे सगळं खरं पण दोन-अडीच किलो भरते आणि ओली झाली की वाळत नाही. पिसांची बॅग सगळ्यात हलकी, मुठीएवढी होते, पण ओली झाली की तिचे गोळे होतात आणि ऊब संपली, शिवाय दहा हजार तिथंच गेले. सिंथेटिक बॅग किलो-सव्वाकिलोची, जरा ओली झाली तरी ऊब देते, मशीनमध्ये धुता येते. पिशवीवर तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. जाहिरातीत कधीकधी शेवटचाच मोठ्या अक्षरात असतो आणि त्याचा अर्थ एवढाच की माणूस मरणार नाही, झोपेल असं नाही. तू कम्फर्ट बघ. धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा सहा-सातवर येतो, तोरणमाळला अजून खाली, म्हणजे कम्फर्ट पाच असलेली बॅग वर्षातले बहुतेक दिवस पुरली, एप्रिलमध्ये तर चादर पण नको होते. अंथरायला हवेची गादी की फोमची चटई? गादी मऊ, छोटी होते, आत ऊब धरणारा थर असेल तर उबदारही जास्त. पण भो, सराटा! एक सराटा खाली आला की पहाटे तीनला तू कातळावर. फोमची चटई सॅकला बाहेर बांधलेली बावळट दिसते, तीनशे-चारशे ग्रॅम, भोक पडलं तरी चटईच राहते.

स्टोव्हवर फार लिहित नाही. पंजाएवढा गॅसचा बर्नर शंभर ग्रॅमच्या आत येतो, चहा-मॅगीला मस्त, पण गॅसचा डबा रेल्वेत नेता येत नाही, भुसावळवरनं गाडीने जाणार असशील तर तिकडे पोचूनच शोधावा लागेल. लाकडं पेटवायचा विचार जंगलात करूच नको, फेब्रुवारीपासून सागाचा पाला कागदासारखा वाळलेला असतो. एका रात्रीच्या ट्रेकला मी स्टोव्ह नेतच नाही, ताईच्या हातच्या दशम्या आणि तिळाची चटणी दोन दिवस टिकते. सॅक पन्नास लिटरची, कमरेचा पट्टा जाड असलेली, आणि रेन कव्हरऐवजी आत मोठी कचऱ्याची काळी पिशवी, कव्हर वाऱ्याने उडतं आणि पाठीकडून पाणी शिरतंच.

क्लाइंबिंगचं सामान हा वेगळा विषय आहे, तिथं हलकं-स्वस्त हा हिशोबच बंद. भाचा म्हणाला मामा तुमच्या विहिरीवर मोटार काढायचा नायलॉनचा दोर आहे ना जाडजूड, सरावाला चालेल. अजिबात नाही. तो दोर शंभर किलोची मोटार हळूहळू वर ओढायला आहे, पडणाऱ्या माणसाला झेलायला नाही. क्लाइंबिंगचा डायनॅमिक रोप पडल्यावर ताणला जातो आणि हिसका खाऊन टाकतो, त्याच्या चाचणीत ८० किलोचं वजन पाडतात आणि हिसका १२ किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे, म्हणजे जवळपास १२०० किलोचा झटका. स्टॅटिक रोप मुद्दाम कमी ताणणारा, खाली उतरायला आणि सामान ओढायला चांगला, पण त्याच्यावर लीड करताना, म्हणजे सगळ्यात पुढे चढताना, पडलास तर कंबर मोडेल. म्हणजे दुकानदार म्हणाला की हा स्टॅटिक जास्त मजबूत आहे आणि स्वस्तही, तर तो खोटं बोलत नाहीये, तुझ्या कामाचा नाही एवढंच. स्लिंग म्हणजे स्वतःला किंवा रोपला अडकवायची शिवलेली पट्टी, तिच्यात पण असंच, डायनीमा या कृत्रिम धाग्याची बारीक हलकी पट्टी दिसायला भारी, पण ती ताणत नाही आणि १४५ अंशाच्या आसपास वितळते, घासली की गेली, नायलॉनची जाड पट्टी जड असली तरी उष्णता बरीच जास्त सोसते. नवशिक्याने नायलॉन. सेकंडहँड रोप आणि हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) तर फुकट मिळाला तरी नाही, त्याच्यावर बॅटरीचं ॲसिड सांडलं होतं का, किती वर्षं उन्हात होता, बघून कळत नाही.

सध्या त्याने यातलं फक्त हेल्मेट घ्यावं, बाकी सामान कोर्सवाले देतात. आणि मोटारसायकलचं नाही, सायकलचंही नाही, आत ईएन १२४९२ (डोंगरावरच्या हेल्मेटचं युरोपचं मानक) लिहिलेलं, वरनं पडणाऱ्या दगडासाठी केलेलं. पावसाळ्यानंतर आपल्याकडच्या कड्यांवरनं दगड सुटतात, खाली उभं राहून रोप धरणाऱ्यालाच जास्त लागतात.

शेवटी काल हिशोब झाला. ९० जीएसएमची ताडपत्री, मच्छरदाणी, फोमची चटई, सिंथेटिक बॅग, बूट, हेल्मेट, डोक्याचा टॉर्च, आणि डोम पुढच्या पावसाळ्याआधी मित्राबरोबर निम्मे-निम्मे. सॅक माझी जुनीच देतोय. साडेतीन हजार उरले तर त्यात म्हणे ड्रोन येतो का बघतो. आज सकाळी ताईचा फोन, पोरगं नवे बूट घालून चार दिवस जिना चढ-उतर करतंय, पाठीवर तांदळाची गोणी, खालच्या भाडेकरूंनी तक्रार केलीय, आणि हे सगळं तूच शिकवलंस ना म्हणून मलाच ओरडली.