भयाचे सहा शुक्रवार

या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात नागपूरच्या सदरमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये सहा शुक्रवार एक वर्ग चालला. विषय एकच, पवित्र शास्त्रातलं भय. फी 300 रुपये, त्यात 24 पानांची झेरॉक्स पुस्तिका आणि मधला चहा. वेळ संध्याकाळी साडेपाच ते सात. मी सहाही शुक्रवार गेले. दिवाळीनंतर हाच वर्ग पुन्हा होणार आहे आणि आमच्या मंडळीतल्या दोघीतिघींनी "सिस्टर, जायचं का?" असं विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

सिस्टर म्हणतात कारण मी 34 वर्षं नर्स होते, त्यातली 22 ऑपरेशन थिएटरमध्ये. माणूस भितो म्हणजे काय होतं, हे मी रोज पाहिलं आहे. टेबलावर घेतलं की तळहात गार पडतात, ओठ सुकतात, मॉनिटरवर नाडी 120 च्या वर जाते, आणि माणूस काहीतरी भलतंच विचारतो. एका गृहस्थांनी मला चारदा विचारलं होतं, "माझ्या चपला कुठं ठेवल्या?" पण मी वर्गाला गेले ती माझ्या स्वतःच्या एका जुन्या भीतीपायी.

सातआठ वर्षांची असेन. आजीनं दानात टाकायला दहा पैसे दिले होते. त्यातल्या पाच पैशांचं मी बोरकूट घेतलं आणि उरलेले पाच पेटीत टाकले. त्याच रविवारी संडे स्कूलच्या बाईंनी हनन्या आणि सप्पीरेची गोष्ट सांगितली. जमीन विकली, पैशातला काही भाग मागे ठेवला, सगळं दिलं असं भासवलं, आणि आधी नवरा, मग तीन तासांनी बायको, येशूचा शिष्य पेत्र याच्या पायाशी मरून पडली. बाईंनी पेत्राचं ते वाक्य अगदी हळू आवाजात म्हटलं होतं: तुझ्या नवऱ्याला पुरणाऱ्यांचे पाय दाराशीच आहेत. त्यानंतर कित्येक रात्री गल्लीत कुणाच्या चपला वाजल्या की मी श्वास रोखून धरायची. आजी कूस बदलून म्हणायची, "काहून जागी हायेस वो पोरी? देव हाय ना." देव आहे, हीच तर माझी अडचण होती.

शिकवणारे सर निवृत्त पाळक आहेत, हिब्रू आणि ग्रीक शिकलेले. पहिल्या शुक्रवारी ते बोलायला लागतील असं वाटलं होतं, तर त्यांनी खडू आमच्याच हाती दिला. मराठीत भीतीला जेवढे शब्द आठवतील तेवढे लिहा म्हणाले. भय, भीती, धाक, दरारा, वचक, धास्ती, धसका, दहशत, थरकाप, कापरं. फळा भरत आला तशा काटोलकडच्या एक आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमच्याकडे भेव म्हणतात जी." तेही लिहिलं. मग सरांनी शेजारी हिब्रू शब्द मांडले: यिरआ, पहद, एमा. दुसऱ्या बाजूला ग्रीक फोबोस. आणि सांगितलं की एकेका शब्दाच्या पोटात आपले चारपाच शब्द मावतात. एदेन बागेत आदाम देवाचा आवाज ऐकून भ्याला आणि लपला, तिथे जे क्रियापद आहे तेच लेवीय 19:3 मध्ये आहे, प्रत्येकाने आपल्या आईचं आणि बापाचं भय धरावं. आई आधी, बाप नंतर. आदाम लपला ती भीती आणि आईचा धाक, दोन्हींना मूळ शब्द एकच. त्या दिवशी वही भरून लिहून आणलं मी.

दुसरा शुक्रवार या वर्गाचा गाभा होता. निर्गम 20:20 हे एकच वचन दीड तास पुरलं. सीनाय पर्वत धुमसतो आहे, गडगडाट, विजा, शिंगाचा नाद, आणि लोक लांब उभे राहून कापत आहेत. मोशे त्यांना म्हणतो, भिऊ नका. आणि त्याच वाक्यात पुढे सांगतो की देवाचं भय तुमच्यासमोर राहावं, तुम्ही पाप करू नये, म्हणून तो आला आहे. भिऊ नका आणि भय राहू द्या, एका दमात. सरांनी आम्हाला ते तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं आणि मग विचारलं, मराठीत आपण भीतीचं काय करतो? भीती वाटते. आणि भयाचं? भय धरतो. "देवाचे भय धरा" असंच आपल्या बायबलात छापलेलं आहे. वाटणं आपल्या हातात नसतं. धरायचं ते हातानं धरतो आणि सोडायचं ठरवलं तर सोडूनही देतो.

मी तिथे बसल्या बसल्या थिएटरमध्ये जाऊन पोचले. पोट बंद करायच्या आधी मॉप, म्हणजे आत रक्त टिपायला वापरलेल्या कापडी घड्या, मोजायचे असतात. आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. एका रात्री, उशिराची केस होती, माझ्या मोजणीत एक कमी भरला. सर्जननी सुई मागितली. मी म्हटलं, सर, एक मॉप कमी आहे. ते म्हणाले, तुम्हीच चुकलात, सुई द्या. मी पुन्हा मोजले, पुन्हा एक कमी. ते ओरडले. माझे गुडघे खरोखर थरथरत होते, तरी मी सुई दिली नाही. शेवटी त्यांनी हात घालून पाहिलं आणि आतड्यांच्या मागून तो रक्तानं भिजून चोळामोळा झालेला मॉप निघाला. त्या रात्री मला डॉक्टरांची भीती वाटत होती आणि टेबलावरच्या माणसाचं भय मी धरलं होतं. इतकी वर्षं या दोन गोष्टींना मी एकच नाव देत आले होते. हे मी वर्गात बोलले तेव्हा सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सिस्टर, पुढच्या वेळी हे मी सांगेन, चालेल का?" चालेल म्हटलं.

तिसऱ्या शुक्रवारी मात्र सरांशी माझं पटलं नाही. पुस्तिकेच्या नवव्या पानावर छापलं आहे की देवाचं भय म्हणजे देवाविषयी आदर. हे वाक्य मी किती प्रवचनांतून ऐकलं असेल! लोक घाबरू नयेत म्हणून सांगतात, हेतू चांगला असतो, पण शास्त्र तसं म्हणत नाही. मी उभी राहून 1 पेत्र 2:17 वाचलं: देवाचे भय धरा, राजाचा मान राखा. मान द्यायचा तो राजाला आणि सर्वांना, त्यासाठी तिथे वेगळा शब्द आहे. देवासाठी भयच. दोन्हींचा अर्थ आदर असता तर पेत्रानं एका ओळीत दोन शब्द कशाला वापरले असते? आणि इब्री 10:31 चं काय करायचं, जिवंत देवाच्या हाती सापडणं भयंकर आहे? उत्पत्ती 31 मध्ये याकोब शपथ वाहतो ती "इसहाकाच्या भयाची", तिथे पहद हा शब्द देवाचं नाव म्हणून आला आहे. काही अभ्यासक तिथे आप्त असा अर्थ लावतात, असं सर म्हणाले आणि पुढे गेले. मला पुढे जाता येईना. इसहाक म्हणजे तो मुलगा, ज्याला बापानं बांधून लाकडांवर ठेवलं होतं आणि ज्यानं वर उचललेली सुरी खालून पाहिली होती. त्याच्या देवाचं नाव भय असेल तर त्याला आदर म्हणून कसं भागेल? टेबलावर निजलेल्या माणसाला खालून काय दिसतं, ते मला ठाऊक आहे. या जागेला सरांनी दहा मिनिटंही दिली नाहीत, ही या वर्गाची मला वाटलेली सगळ्यात मोठी उणीव.

पण एक गोष्ट मोठ्या मनानं सांगायला हवी. चौथ्या शुक्रवारी आल्या आल्या सर म्हणाले, मागच्या वेळी मी घाई केली. ठरलेला धडा त्यांनी बाजूला ठेवला आणि मार्क 4 उघडला. वादळ सुटलंय, लाटा मचव्यात शिरताहेत, येशू उशी घेऊन निजला आहे. शिष्य त्याला उठवतात, तो वाऱ्याला धमकावतो, आणि मग विचारतो, तुम्ही असे भित्रे कसे? तिथे ग्रीकमध्ये भ्याडपणाचा शब्द आहे. आता वारा पडला, पाणी निवांत झालं, धोका संपला. आणि नेमकं तेव्हा मार्क लिहितो की त्यांना फार मोठं भय वाटलं, फोबोस मेगास. वादळात ते भित्रे होते, वादळ थांबल्यावर त्यांना खरं भय वाटलं, कारण मचव्यात आपल्या शेजारी कोण बसलं आहे हे आता कुठे त्यांच्या ध्यानात आलं. "आदर हा शब्द इथे पुरत नाही, तुमचं बरोबर आहे," असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. त्या एका वाक्यासाठी 300 रुपये वसूल झाले.

त्यामुळे दहशतीचा भाग तेवढा आटोपता झाला. यिर्मया संदेष्ट्याला खोड्यात अडकवणाऱ्या पशहूराला देव नवं नाव देतो, मागोर-मिस्साबीब, चोहोकडे दहशत, हे सांगून झालं. ईयोबाच्या पुस्तकात मरणाला भयांचा राजा म्हटलं आहे, तेही ओझरतं. यासाठी एखादा सातवा शुक्रवार ठेवावा असं मी सुचवलं आहे.

पाचव्या शुक्रवारी हनन्या आणि सप्पीरा. सरांनी आधी विचारलं, ही गोष्ट लहानपणी कुणाकुणाला भीती घालायला सांगितली होती? जवळजवळ सगळे हात वर गेले. मी माझ्या दहा पैशांचं सांगितलं, पन्नासएक वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं. कुणी हसलं नाही. सरांनी प्रेषितांची कृत्ये 5:4 दाखवलं. पेत्र स्वतः म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावरही पैसे तुझ्याच स्वाधीन होते. दान कमी पडलं हा दोष नव्हता. सगळं दिल्याचा देखावा मंडळीपुढे केला, त्याचा तो हिशेब होता. "सिस्टर, ही गोष्ट मोठ्यांसाठी आहे," ते म्हणाले, "दानाची पेटी सांभाळणाऱ्यांसाठी, आमच्यासारख्यांसाठी." मग 1 योहान 4:18. पूर्ण प्रीती भीती घालवून देते, कारण भीतीमध्ये शासन असते. इथलं शासन म्हणजे शिक्षा, ग्रीकमध्ये कोलासिस. प्रीती घालवते ती शिक्षेची भीती. ग्रीकमध्ये इथेही फोबोसच आहे, पण आपल्या मराठी बायबलात इथे "भीती" छापलं आहे आणि नीतिसूत्रांत, जिथे ज्ञानाचा प्रारंभ म्हटलं आहे, तिथे "भय". भाषांतर करणाऱ्यांनी कान किती जागे ठेवले असतील! त्यावरूनच पंडिता रमाबाईंचा विषय निघाला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावला बसून सगळं बायबल खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत आणलं, मुक्ती मिशनमधल्या मुलींनी त्याच्या छपाईचे खिळे जुळवले, 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि 1924 मध्ये ते पुस्तक निघालं. सरांनी हे चहाच्या वेळात सांगितलं. ते मुख्य वर्गात यायला हवं.

बाकीच्या गोष्टी. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिन्याला कठडा एकाच बाजूला. गुडघेदुखी असेल तर आधी कळवा, खालच्या खोलीत बसायची सोय करतात. मेट्रोनं येणाऱ्यांनी गड्डीगोदाम चौकाला उतरून ऑटो करावा. पुस्तिकेची झेरॉक्स फिकट आहे आणि ग्रीक शब्दांचे उच्चार देवनागरीत दिलेले नाहीत, ते फळ्यावरून उतरवून घ्यावे लागतात. शेवटच्या पानावर "भिऊ नका हे वचन बायबलात 365 वेळा, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक" असं छापलं आहे. मी घरी शब्दसूची घेऊन मोजायला बसले, त्या आकड्याच्या जवळपासही पोचले नाही. हे पुढच्या छपाईत काढून टाकावं. वचन खरं आहे, त्याला आकड्याचा टेकू कशाला? आपलं बायबल आणा, मोठ्या अक्षरांचं असेल तर बरं, मागच्या बाकांवर उजेड कमी असतो.

शेवटचा वर्ग गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी झाला. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूच्या मनाची जी अवस्था झाली तिच्यासाठी मत्तयानं दुःखाचा शब्द वापरला आहे, मार्कनं त्याहून कडक, हादरून जाण्याचा. देवाच्या पुत्राचाही थरकाप झाला, हे मार्क झाकत नाही. नंतर सरांनी मार्क 16 वाचायला घेतलं. स्त्रिया येशूच्या कबरेशी जातात, धोंड सरकलेली, आत पांढऱ्या झग्यातला तरुण, तो म्हणतो घाबरू नका, आणि त्या थरथरत पळत सुटतात. चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत शुभवर्तमान इथेच थांबतं: त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. सरांनीही तिथेच पुस्तक मिटलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग काटोलच्या आजींनी विचारलं, "त्यायनं नाही सांगितलं, तर मग आपल्याला कोणी सांगितलं जी?"

सरांनी खडू उचलून आजींचा प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि खाली येऊन आमच्यासोबत खुर्चीवर बसले. दिवाळीनंतरच्या वर्गाची फी आजींनी त्याच संध्याकाळी भरली.