‘मुळापासून’ बरं करणाऱ्या पुड्या

आधीच सांगते, त्या माणसाच्या औषधाने आमच्या कुत्र्याला गुण आला होता. आला नसता तर पहिल्या दीड हजारातच सुटले असते.

बंड्या आमचा फिकट पिवळा लॅब्रॅडॉर, तेव्हा चार वर्षांचा, वजन ३४ किलो. दीड वर्षाचा झाल्यापासून पाऊस लागला की त्याची खाज सुरू. पुढचे पंजे चाटून चाटून केस विटकरी व्हायचे, काखा लाल, कानांना आंबूस वास. रात्री दोनला फरशीवर पाय आपटल्याचा टकटक आवाज आला की समजायचं, खाजवणं चाललंय. दिवाळीपर्यंत हेच. सासूबाईंनी करंजाचं तेल लावून पाहिलं. तो ते चाटून उलट्या करायचा, आणि सोफ्याला महिनाभर वास.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी काम नीट केलं होतं, हे आता कळतं. पिसवा आणि गोचीड आहेत का ते विंचरून पाहिलं, कानातला मळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्यात यीस्ट सापडलं, त्याचं औषध दिलं. मग म्हणाले, “ही अ‍ॅलर्जीची कातडी आहे. जाणार नाही ती, सांभाळावी लागेल. औषधी शाम्पू, दर महिन्याची पिसवांची गोळी, आणि एकदा आठ आठवडे खाणं बदलून बघू.” मी मान डोलावली आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, “जाणार नाही म्हणजे काय? मग डॉक्टर कशाला?” खाणं बदलायचं राहूनच गेलं. शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवायचा होता, तो आम्ही दोन मिनिटांत धुऊन टाकायचो.

सोसायटीमागच्या रस्त्यावर सकाळी कुत्री फिरवणारे आम्ही सात-आठ जण. त्यातल्या एका काकांनी २०२३च्या जुलैमध्ये एक नंबर दिला. “आमच्या पगला बरं केलं. जडीबुटीवाले आहेत, पण जुने जाणकार. मुळापासून काढतात.” मला नेमका हाच शब्द ऐकायचा होता.

ते गृहस्थ रविवारी आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात कापडी पिशवी. कार्डावर नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे चार-पाच अक्षरं. बंड्याला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच बघून म्हणाले, “अंगात उष्णता साचलीय, ताई. इंग्रजी औषधांनी दाबून ठेवलीय.” एकवीस पुड्या दिल्या, रोज एक, तुपात कालवून. पथ्य दोनच: चिकन बंद, आणि औषध चालू असेपर्यंत दवाखाना बंद. “दोन्ही औषधं एकत्र झाली तर रिअ‍ॅक्शन येईल, मग माझी जबाबदारी नाही.” पैसे मात्र औषधाचे नव्हते, ती ‘सेवा’ होती. गूगल पेवर तोच शब्द टाकायचा. पहिली सेवा १,५०० रुपये.

तिसऱ्या रात्री टकटक थांबली. मला जाग आली ती आवाज न आल्यामुळे. उठून पाहिलं तर बंड्या चारी पाय वर करून गाढ झोपलेला. आठवड्यात काखा निवळल्या. मी त्या काकांना पेढे दिले, सोसायटीतल्या आणखी तिघांना नंबर दिला, आणि आमच्या डॉक्टरांबद्दल नको ते बोलले. हे तीन नंबर लक्षात ठेवा, पुढे येतील.

ऑगस्टपासून बंड्या पाणी फार प्यायला लागला. एक वाडगं पुरायचं, तिथे तीन. पहाटे चारला दाराशी उभा, आणि दोनदा तर घरातच लघवी. पिल्लू असतानाही त्याने असं केलं नव्हतं. भूक अशी की ओट्यावरची कणीक पिशवीसकट खाल्ली. मी फोन केला. “उष्णता बाहेर पडतेय,” ते म्हणाले. “लघवीवाटेच निघणार ना ती? घाबरू नका, लक्षण चांगलं आहे.” मला ते पटलं. आपल्याकडे उष्णता म्हटलं की पुढचं आपणच समजून घेतो.

पुड्या संपल्या की चार दिवसांत खाज परत, आधीपेक्षा जोरात. त्याचंही उत्तर तयार होतं: मूळ खोल आहे. तिसऱ्या खेपेपासून ‘कडक’ पुडी आली, भस्म घातलेली, सेवा २,१००. जानेवारीअखेरपर्यंत अशा एकूण नऊ खेपा झाल्या. १७,७०० रुपये. पावती एकही नाही, पुडीवर नाव, बॅच नंबर, तारीख काही नाही. वर्तमानपत्राचा कागद नुसता.

डिसेंबरात बंड्याचं पोट सुटलं. पाठ आणि पाय बारीक, पोट मात्र खाली लोंबणारं. लोक विचारायचे, “कुत्री आहे का? पिल्लं कधी?” पोटावरची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या शिरा दिसायच्या. मग डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर केस गळून टक्कल. जिना चढताना तो मध्येच बसायला लागला. तेव्हा कुठे मी लाज गुंडाळून जुन्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी रागावायला हवं होतं. ते फक्त म्हणाले, “पुडी आहे का एखादी शिल्लक?”

पर्समध्ये एक होती. त्यांनी ती एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर पसरली आणि टेबलावरचा दिवा वाकवला. तपकिरी भुकटीत साखरेहून बारीक पांढरे कण होते. काही कणांना एक बाजू सपाट, गुळगुळीत, जशी गोळी खलबत्त्यात फोडल्यावर तिच्या कडेच्या कपचीला असते. मी सहा महिने रोज ती भुकटी तुपात कालवत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. “नुसतं बघून काय आहे ते सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण बंड्या सांगेल.”

रक्त घेतलं. एक इंजेक्शन दिलं, तासाभराने परत रक्त. इंजेक्शनने कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, वर चढायला हवं, ते जागचं हललं नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. तहान, भूक, पोट, पातळ कातडी, सगळा त्याचाच हिशेब. कुत्र्याला दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी लागायला लागलं की तपासणी हवी, हे त्या दिवशी कळलं. घरी बाटलीने मोजून वाडगं भरलं तर बंड्या साडेचार लिटर पीत होता. पायावरची टक्कल पडलेली जागा डॉक्टरांनी पात्याने खरवडली, काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. लांबट, आखूड पायांचे किडे वळवळत होते. डेमोडेक्स. थोडे सगळ्याच कुत्र्यांच्या अंगावर असतात, प्रतिकारशक्ती दबली की माजतात.

मी म्हटलं, “आजपासून पुड्या बंद.” डॉक्टर पहिल्यांदा जरा आवाज चढवून म्हणाले, “एकदम बंद केल्या तर तो कोसळेल.” एवढे महिने बाहेरून मिळालेलं अचानक तोडलं तर शरीराकडे स्वतःचं काहीच नसतं. म्हणून त्यांनी स्टेरॉइडचीच गोळी लिहून दिली, मोजून, दर थोड्या दिवसांनी कमी करत. चिठ्ठीवर गोळीचं नाव होतं आणि खाली त्यांचा नोंदणी क्रमांक. तो क्रमांक मी तोवर कधी वाचलाही नव्हता. जनावरांवर उपचार करायला पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते, १९८४चा कायदाच आहे. त्या कापडी पिशवीवाल्याला हा क्रमांक विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. विचारला तो फेब्रुवारीत. त्यांनी फोन ठेवला आणि मला ब्लॉक केलं.

बंड्याला सावरायला पावसाळा उजाडला. किड्यांसाठी गोळी, आणि महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून काच स्वच्छ येईपर्यंत ती थांबवायची नाही. खाज परत आली, येणारच होती. आता शाम्पू मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावून ठेवतो, फिरून आल्यावर पंजे पुसतो, आठ आठवड्यांचं खाणंही झालं एकदाचं. चिकनशी त्याचं काही वैर नव्हतं. पावसाळ्यात थोडा खाजवतोच. १९१५वर, ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार करून झाली. हातात पुरावा काय, तर नऊ वेळा ‘सेवा’ लिहिलेले स्क्रीनशॉट.

मग ते तीन नंबर. एकाने फोनच केला नव्हता. दुसऱ्याचा कुत्रा दोन खेपांवर थांबला होता. तिसऱ्या घरी मी स्वतः गेले, डॉक्टरांचा पत्ता चिठ्ठीवर लिहून. त्यांची पॉमेरेनियन कोचावर झोपली होती. मी सगळं सांगितलं, आणि हेही, की पुड्या एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

“थांबवायच्या कशाला?” वहिनी म्हणाल्या. “हिला तर इतका छान गुण आलाय. पाणी तेवढं फार पिते हल्ली. उष्णता निघतेय म्हणाले ते.”