एम.एस्सी. फिजिक्स झालं, आता सीएचबी की मेडिकल फिजिक्स?

माझी पुतणी यंदा कोल्हापूरहून एम.एस्सी. फिजिक्स झाली. सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पण पास आहे. आता तिच्यापुढे दोन कागद आहेत: एक तालुक्याच्या कॉलेजची सीएचबीची (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिकेवर शिकवण्याची) जाहिरात, दुसरा बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) डिप्लोमा इन रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा, म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट होण्याच्या कोर्सचा, फॉर्म. ‘काका, तुम्ही दोन्ही केलंय, तुम्हीच सांगा,’ म्हणाली. मी दोन वर्षं सीएचबीवर शिकवलं आणि गेली आठ वर्षं कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे रेडिओथेरपीत पेशंटला किरणांचा डोस बरोबर जातोय ना हे मोजून बघणारा. तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे जरा सावकाश लिहितोय.

बाकीच्या वाटा आधी बाजूला ठेवतो. संशोधनाची खरी ओढ असेल तर नेट-जेआरएफ, जेस्ट, गेट या परीक्षांच्या मागे लागा. टीआयएफआर, आयुका, आयसर या संशोधन संस्थांची दारं त्यातून उघडतात. जेआरएफची, म्हणजे संशोधन करताना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीची, रक्कमही 2023 पासून महिना 37,000 झाली आहे, म्हणजे पहिल्या वर्षांत घरच्यांकडे हात पसरावा लागत नाही. बीएआरसीच्या ओसीईएसला (शास्त्रज्ञ म्हणून घेण्याआधीच्या प्रशिक्षणाला) निवड झाली तर पुढचं काही वाचूच नका, सरळ अणुशक्तीनगर गाठा. लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये पैसा नक्की आहे, पण तिथे एक गणित दीड मिनिटात कसं उडवायचं हे शिकवायचं असतं आणि माझा तो पिंड नव्हता. बी.एड. म्हणजे दोन वर्षं आणि त्यानंतर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट पाहणं. आयटीत गेलेले माझे तीन वर्गमित्र सुखात आहेत, पण फिजिक्स सुटलं याची रुखरुख त्यांच्या बोलण्यात येते. ज्यांना फिजिक्स सोडायचं नाही, पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं परवडणार नाहीत आणि घरी लवकर पगार हवा आहे, त्यांच्यापुढे बहुतेक वेळा हे दोनच कागद उरतात.

सीएचबीबद्दल चांगलं आधी सांगतो, कारण ते खरं आहे. शिकवण्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मिळतो. बी.एस्सी.ची पोरं खेड्यातून एसटीने येतात, डबा घेऊन येतात, आणि त्यातल्या दोघा-तिघांना तरी विषय मनापासून कळून घ्यायचा असतो. सोडियमचा दिवा तापून पिवळाधमक व्हायला लागणारी पाच-दहा मिनिटं मी न्यूटनच्या रिंगांच्या गोष्टी सांगण्यात घालवायचो, आणि प्रॅक्टिकल संपलं तरी पोरं हलायची नाहीत. माझ्या वाट्याला आठवड्याला नऊ तासिका होत्या. उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास भरपूर व्हायचा. पुढे डिप्लोमाच्या प्रवेशपरीक्षेला मी जो बसलो तो त्या दोन वर्षांत बी.एस्सी.चा पाया पक्का झाला म्हणूनच.

पैसा कमी, हे सगळ्यांना माहीतच आहे. झालेल्या तासिकेचेच पैसे. परीक्षा, गॅदरिंग, दिवाळी, उन्हाळा या काळात शून्य. आणि झालेल्या तासिकांचं बिलही माझ्या वेळी टर्म उलटून गेल्यावरच निघालं. पण मी सोडलं ते पैशासाठी नाही. शेतीचं थोडं उत्पन्न होतं, लग्न व्हायचं होतं, भागत होतं.

सोडलं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. पहिल्या वर्षी मी एस.वाय.च्या चार पोरांना घेऊन मायकेलसनचा इंटरफेरोमीटर मांडायला घेतला. कॉलेजकडे तयार उपकरण नव्हतं. आम्ही एक शहाबादी फरशी आणली, हादरे बसू नयेत म्हणून तिच्याखाली हवा भरलेली सायकलची ट्यूब ठेवली. साधा लेसर, दोन आरसे, मधे काच. जानेवारीत सुरू केलं आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी भिंतीवर फ्रिंजेस, म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्ट्या, उमटल्या. बाहेरून एसटी गेली की त्या थरथरायच्या, मग पुन्हा स्थिर व्हायच्या. पोरं अर्धा तास नुसती बघत बसली होती. त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘सर, पुढच्या वर्षी याच्यावर काचेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स काढू या?’

मला ‘हो’ म्हणता आलं नाही. माझी नेमणूक त्या महिन्याअखेर संपणार होती.

जूनमध्ये पेपरात पुन्हा जाहिरात आली. तीच झेरॉक्सची फाइल घेऊन मी पुन्हा मुलाखतीला बसलो. समितीत समोर आमचेच विभागप्रमुख होते, ज्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी वर्षभर बसलो होतो, आणि त्यांनाही नियमाप्रमाणे मला विचारावं लागलं, ‘तुमची ओळख करून द्या.’ त्यांची त्यात काही चूक नव्हती. निवड माझीच झाली, पण मान्यता येऊन हातात ऑर्डर पडेपर्यंत ऑगस्ट संपला होता. लॅबमध्ये गेलो तर फरशी जागेवर नव्हती. कोणीतरी साफसफाईत उचलून स्टोअरला टाकली होती, आरसे कपाटात होते आणि त्यातल्या एकाचा कोपरा उडाला होता. ती चार पोरं आता टी.वाय.ला होती आणि त्यांना दुसऱ्याच सरांकडे दुसराच प्रोजेक्ट मिळाला होता. त्या दिवशी स्टाफरूममध्ये बसून मला स्पष्ट कळलं की या कामात ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द आपल्याला वापरता येणार नाही. जे काही मांडायचं ते दर एप्रिलला मोडायचं. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला हे सोसत नाही, निदान मला तरी सोसलं नाही. दुसरं वर्ष कसंबसं पुरं केलं आणि डिप्लोमाचा फॉर्म भरला.

आता मेडिकल फिजिक्स. हा डिप्लोमा बीएआरसी 1962 पासून चालवते. वर्षभर अणुशक्तीनगरला अभ्यास, मग वर्षभर मान्यताप्राप्त रेडिओथेरपी विभागात इंटर्नशिप. जागा मोजक्या असतात आणि परीक्षा सोपी नाही. एम.एस्सी.चे टक्के आणि वयाची अट जाहिरातीत नीट वाचून घ्या, माझ्या ओळखीतली दोन हुशार पोरं त्या अटीवरच अडकली. नंतर आरएसओची (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची) पात्रता मिळवावी लागते.

काम काय असतं ते एका सकाळीवरून सांगतो. पहिला पेशंट साडेआठला. आम्ही साडेसातला लिनॅक सुरू करतो, म्हणजे क्ष-किरण देणारं मशीन. पाण्याने भरलेल्या टाकीत ठरावीक खोलीवर अंगठ्याएवढा आयन चेंबर, म्हणजे किरण मोजायचं साधन, ठेवायचा, किरण सोडायचे आणि चार्ज मोजायचा. चेंबरच्या आत हवा असते आणि त्याला बारीक छिद्र असतं, म्हणून आतल्या हवेचा दाब बाहेरच्याएवढाच राहतो. दाब कमी तर हवा विरळ, हवा विरळ तर चार्ज कमी. म्हणून रीडिंगला तापमान आणि दाब यांची दुरुस्ती करावी लागते. बारावीच्या पुस्तकातला वायूचा नियम, दुसरं काही नाही. मुंबईत समुद्रकाठी कोर्स करताना ही दुरुस्ती टक्का-दीड टक्क्याची असायची, मी ती यांत्रिकपणे लिहून मोकळा व्हायचो. इंटर्नशिपला पुण्यात आलो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. पहिल्या दिवशी बॅरोमीटर वाचला आणि हिशोब केला, तर दुरुस्ती जवळजवळ सात टक्के! ती विसरलो असतो तर मशीन कमी किरण देतंय असं वाटलं असतं, मी ते वाढवले असते आणि दिवसभर येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सात टक्के जास्त डोस गेला असता. इथे एकूण चूकच पाच टक्क्यांच्या आत ठेवायची असते. हेच सूत्र मी एफ.वाय.ला फळ्यावर लिहून दिलं होतं आणि ‘परीक्षेला हमखास येतं’ असं सांगितलं होतं. त्या सकाळी ते मला पहिल्यांदा कळलं असं म्हणायला हरकत नाही.

असंच अर्धायुष्याचं. ब्रेकीथेरपीच्या, म्हणजे गाठीत किंवा तिच्या शेजारी किरणोत्सारी स्रोत ठेवून करायच्या उपचाराच्या, इरिडियमचं अर्धायुष्य 74 दिवसांचं, म्हणजे स्रोत रोज सुमारे एक टक्का कमजोर होतो. कोबाल्टचं 5.27 वर्षं, तो महिन्याला एक टक्का. पेशंटला किती मिनिटं ठेवायचं ते यावर ठरतं.

आणि इथे ‘पुढच्या वर्षी’ आहे. आमच्या मशीनच्या आउटपुटचा, म्हणजे ते किती किरण देतं त्याचा, आठ वर्षांचा आलेख माझ्याकडे आहे, बराचसा माझ्याच हाताने भरलेला. नवीन असताना ते हळूहळू वर कसं सरकत गेलं, एक सुटा भाग बदलल्यावर कुठे पायरी पडली, सगळं त्यात दिसतं. शिकवणंही सुटलं नाही. एम.डी. रेडिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना मी आठवड्यातून एकदा फिजिक्स शिकवतो.

तरी हे काम सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. क्वांटम मेकॅनिक्स, सॉलिड स्टेट यांची आवड असेल तर ती घरी जपावी लागते, कामात येत नाही. पेशंटच्या उपचारांचं प्लॅनिंग साचलं की रात्रीचे नऊ वाजतात. मशीन बंद पडलं की बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक दिसत असतात आणि इंजिनिअर वाटेत असतो, तो वेळ फार जड जातो. आरएसओ म्हणून सही तुमची, जबाबदारी कायद्याने तुमची. लहान सेंटरवर एकटेच असाल तर रजा घेणं अवघड. पेशंट डॉक्टरांना ओळखतो, फिजिसिस्टला नाही. ज्याला समोरच्याच्या डोळ्यांत समजल्याची चमक रोज बघायची आहे, त्याला हे कोरडं वाटू शकतं. माझ्या बॅचमधली एक मैत्रीण याच कारणासाठी परत कॉलेजात गेली आणि ती समाधानी आहे.

रेडिएशनची भीती घरचे घालतील. माझ्या आईनेही घातली होती. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची आहे, आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जाणाऱ्या माझ्या रेडिएशन मोजणाऱ्या बॅजवर बहुतेक वेळा नोंद शून्याचीच येते.

पगार हॉस्पिटलगणिक बदलतो, पण बारा महिने येतो. नोकऱ्या मुंबई-पुण्यापुरत्याच नाहीत. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावीही कॅन्सर हॉस्पिटल आहे. मेडिकल फिजिसिस्टशिवाय रेडिओथेरपी चालवायला परवानगीच नसल्याने जागा असते, ती फक्त तुमच्या गावी असेलच असं नाही.

घरची जबाबदारी अशी असेल की गाव सोडता येत नाही, किंवा पीएच.डी. चालू आहे आणि सोबत शिकवण्याचा सराव हवा, तर सीएचबी वाईट नाही. मात्र दोन वर्षांपलीकडे ती लांबवू नये असं मला वाटतं. बाकीच्यांनी आधी डिप्लोमाचा फॉर्म भरावा. निर्णयाआधी जमलं तर जवळच्या रेडिओथेरपी विभागात ओळख काढून एक सकाळ तिथल्या फिजिसिस्टबरोबर उभं राहून बघावं.

पुतणीने फॉर्म भरलाय. निकाल लागेपर्यंत ती सीएचबीही करणार आहे, मी तिला अडवलं नाही. पोरांना प्रोजेक्ट काय देऊ म्हणून तिने विचारलं, तेव्हा एवढंच म्हटलं, की एप्रिलच्या आत पुरा होईल असाच दे, आणि संपला की उपकरणाचे फोटो आणि मापं पोरांच्या वहीत लिहवून घे.