कापडी हाइडमध्ये नऊ महिने: बागेतले पक्षी अडीच मीटरवरून

पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी घेतलेला हाइड, म्हणजे एका माणसाने लपून बसण्यापुरता कापडी तंबू, नऊ महिने वापरून झाला, म्हणून आता सविस्तर लिहिते. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर 'घेऊ नका' म्हणून मोकळी झाले असते.

आधी वस्तूबद्दल. साधारण सव्वा मीटर चौरस, दीड मीटर उंच. कापडात लवचिक पोलादी पट्ट्या शिवलेल्या आहेत, त्यामुळे पिशवीतून काढला की आपोआप उघडतो. तीन बाजूंना चेन लावलेल्या खिडक्या, त्यांना आतून जाळी, अस्तर काळं. पिशवीवर 'दोन मिनिटांत तयार' असं छापलंय आणि उभा करण्यापुरतं ते खरं आहे. पक्ष्यांच्या लेखी मात्र तो तयार व्हायला सहा दिवस लागले.

बागेतल्या पक्ष्यांना माणसांची सवय असते, तर हाइड कशाला, असं मलाही वाटायचं. पण ती सवय चालत्याफिरत्या माणसाची असते. आपण झाडांना पाणी घालतो, पानं गोळा करतो, तोवर बुलबुल दोन हातांवर येऊन बसतो. एका जागी थांबून त्याच्याकडे काचेचा मोठा डोळा रोखला की तो क्षणात उडतो. लांबून काढावं म्हटलं तर मधल्या फांद्या आड येतात आणि पिसांचा पोत निघत नाही. म्हणून हाइड घेतला आणि पाण्याच्या पसरट भांड्यापासून अडीच मीटरवर उभा केला.

पहिले तीन दिवस मी तो रोज संध्याकाळी घडी करून आत ठेवायची आणि सकाळी पुन्हा लावायची. माझी खरी चूक ती. पक्ष्यांच्या दृष्टीने रोज सकाळी बागेत एक नवीनच ढिगारा उगवत होता. चौथ्या दिवसापासून तो रात्रंदिवस तिथेच राहू दिला, दोऱ्या ताणून बांधल्या आणि मी आत गेलेच नाही. साळुंक्या सगळ्यांत आधी आल्या, मग बुलबुलाची जोडी, आणि सहाव्या दिवशी दयाळ शेपटी उभारून थेट हाइडच्या माथ्यावर बसला. दोऱ्यांचं महत्त्व कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. कापड वाऱ्याने फडफडलं की महिनाभराची ओळखसुद्धा पक्षी विसरतात.

असं लपून फोटो काढायची युक्ती जुनीच आहे. १९०० साली रिचर्ड आणि चेरी कीर्टन या ब्रिटिश भावांनी चक्क एक पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासकट दडून पक्ष्यांचे फोटो काढले. गुरं जवळ चरत असली तर पक्षी बिचकत नाहीत, हे त्यांनी हेरलं होतं.

आता लेन्सबद्दल. माझ्याकडे ४०० मिमीपर्यंत जाणारी झूम लेन्स आणि एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, आत आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा आहे. आयुष्यभर 'अजून लांबची लेन्स हवी' असंच ऐकलेलं, पण अडीच मीटरवर ४०० मिमीला चौकटीत जेमतेम १५ सेंटिमीटर रुंदी मावते. चष्मेवाला हा चिमुकला पक्षी १० सेंटिमीटरचा, तो त्यात छान बसतो. बुलबुल २० सेंटिमीटरचा, त्याची शेपटी कापली जाते. त्याच्यासाठी मी २५० मिमीवर येते. शिवाय इतक्या जवळून ४०० मिमी आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) ५.६ ठेवलं तर जेमतेम सेंटिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. डोळा धारदार आणि चोचीचं टोक धूसर, असे सुरुवातीचे माझे शेकडो फोटो आहेत. २५० मिमीला अ‍ॅपर्चर ८ केलं की हीच खोली तीन सेंटिमीटरच्या आसपास जाते, डोक्यापासून खांद्यापर्यंत सगळं नीट येतं. घेण्याआधी आपली लेन्स किती जवळचं फोकस करते हेही बघा. काही लांब झूमना अडीच मीटरच्या आत फोकस होतच नाही. मग एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी, लावावी लागते आणि ती लावली की लांबचं फोकस जातं.

आत बसण्याचं एक तंत्र आहे. मागची खिडकी उघडी राहिली तर आपली आकृती उजेडावर काळी उठून दिसते आणि हाइड असून नसल्यासारखा होतो. उकडत असलं तरी मागची बाजू बंदच ठेवायची. लेन्स हलवायची ती घड्याळाच्या काट्याइतकी सावकाश. मेकॅनिकल शटरचा खटका अडीच मीटरवर पक्ष्याला ऐकू जातो, तो दचकतो. म्हणून मी आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरते, पण माझ्या कॅमेऱ्यात त्यामुळे फडफडते पंख वाकडे येतात. अंघोळीचे फोटो हवे असले की मेकॅनिकलवर जाऊन शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवते. पाण्याच्या आवाजात बुलबुलाला खटक्याचं काही वाटत नाही.

भाऊ घरी असला की माझ्याबरोबर हाइडपर्यंत येतो, मी आत शिरते आणि तो परत जातो. माणूस गेला असं समजून पक्षी लवकर येतात. साळुंक्यांवर ही युक्ती चालते, कावळ्यावर एकदाही चालली नाही.

आणि मग जे दिसतं! चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं मी इतकी वर्षं कातडीचं समजत होते. ते बारीक पिसांचं आहे, रेशमाच्या टाक्यांसारखं एकाशेजारी एक, आणि चोचीकडच्या बाजूला त्यात एक लहानशी खाच आहे. बुलबुल चोच बुडवतो, मग मान वर करून घोट खाली उतरवतो. मान वर जाताना टोकाला थेंब लोंबत असतो, फोटो तेव्हाचा. होला मात्र चोच बुडवून सलग पाणी ओढून पितो, त्याच्यासाठी थांबायची गरज नाही. काही फोटोंत डोळा दुधाळ दिसायचा, मला वाटलं पक्षी आजारी आहे. ती तिसरी पापणी होती. अंघोळीच्या वेळी ती डोळ्यावरून सारखी आडवी सरकते, म्हणून तेव्हा एक फोटो काढून भागत नाही, सलग आठ-दहा काढावे लागतात.

तक्रारी आहेत. खिडक्या फार उंचावर शिवल्यात. खुर्चीत बसलं की जमिनीवरच्या भांड्याकडे वरून बघितलं जातं आणि सगळे पक्षी चपटे येतात. मी खालच्या कापडात आडवी चीर देऊन वरून झडप शिवली आणि आता चटईवर बसते. डोळ्याला डोळा भिडतो, फोटो एकदम जिवंत वाटतो. चौथ्या महिन्यात समोरच्या चेनचे दात सुटले. सातव्या महिन्यात छताचा आतला थर पापुद्र्यासारखा सोलवटून माझ्या केसांत आणि लेन्सवर पडू लागला. विकणाऱ्यांना दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. जाळीतून फोटो काढता येतात असं लिहिलंय, ते मला पटत नाही. रंग फिके पडतात, जाळी बाजूला करूनच काढावे.

भांड्यात पाणी दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा आणि रोज बदला, नाहीतर डास होतात. बसायची काडी भांड्यापासून हातभर अंतरावर रोवा. बहुतेक पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतात, माझे निम्मे चांगले फोटो त्या काडीवरचे आहेत.

घरट्यासमोर हाइड लावू नका, ही कळकळीची विनंती. तिथे पक्षी आपल्याला सरावत नाही, पिल्लांपायी नाइलाजाने परत येतो. आणि तो बिथरला तर आपल्यालाही धोका असतो. एरिक हॉस्किंग या नावाजलेल्या पक्षी छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ मध्ये घरट्याजवळच्या हाइडकडे जाताना घुबडाच्या हल्ल्यात गेला.

सध्या माझा हाइड पिशवीत आहे. गेल्या आठवड्यात शिंपी पक्ष्याची मादी हाइडच्या डाव्या अंगाच्या झुडपात दोन पानं शिवताना दिसली. मी आत होते, ती दीड मीटरवर, चोचीत कापसासारखा धागा. चार फोटो काढले, ती झुडपातून दूर गेल्यावर हळूच बाहेर पडले आणि संध्याकाळी दोऱ्या सोडल्या. बारा-तेरा दिवस अंडी उबवण्याचे, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी दोन आठवडे. तेवढ्या काळात चेन बदलून घेते.