जामीन मंजूर, पण माणूस अजून आतच : जामीनदार, रोख की जातमुचलका?

आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गडी किंवा ट्रॉलरवरचा कर्नाटकातला खलाशी मारामारीच्या गुन्ह्यात अडकतो. कोर्ट पंधरा हजारांवर जामीन देतं. बागवाला निर्धास्त होतो आणि दोन दिवसांनी कळतं, गडी अजून रत्नागिरीच्या जेलमध्येच आहे. मधे कागद अडलेत. ते पुरे करायच्या तीन वाटा आहेत, आणि तुम्हाला कुठली जमेल हे वकिलाला अर्ज करण्याआधीच सांगा, आदेश हातात पडल्यावर नको.

रूढ वाट जामीनदाराची. त्याची ऐपत दाखवायला सातबारा, आठ-अ, घराचा असेसमेंट उतारा, आधार, रेशनकार्ड. कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही मागतात. देशावर ज्याच्या नावे चार एकर आहेत त्याला हे सोपं. आपल्याकडे? आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातली पाच माणसं वारली, सहा मुंबईला, आणि वाटप आजोबांच्या काळापासून ‘पुढच्या गणपतीत’ व्हायचंय. चुलतभावाला जामीन राहायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, यातला तुमचा हिस्सा किती? मला सांगता येईना. शेवटी पगाराच्या स्लिपवर काम भागलं. कोळीवाड्यातल्या माणसाची तऱ्हा आणखी वेगळी : नौका लाखांची, पण घराखालची जमीन त्याच्या नावावर असेलच असं नाही.

जामीन राहणाऱ्यानेही समजून घ्यावं. आरोपी निर्दोष आहे, अशी हमी तुम्ही देत नाही. तो तारखेला हजर राहील एवढीच देता. तो पळाला तर रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. भरवसा उडाला तर अर्ज करून मोकळं होता येतं, पण मग आरोपीवर वॉरंट निघतं आणि त्याला दुसरा जामीनदार शोधावा लागतो. आधी किती जणांना जामीन राहिलात, हेही लिहून द्यावं लागतं. म्हणून ‘पाच हजार द्या, जामीनदार उभा करतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोटे कागद सापडले तर सुटलेला माणूस परत आत जातो.

रोखीला ऐपतीचे कागद लागत नाहीत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४९० प्रमाणे कोर्ट जामीनदाराऐवजी रक्कम भरून घेऊ शकतं. पैसे भरले की सुटकेचा आदेश जेलकडे जातो. खटला संपल्यावर रक्कम परत मिळते, पण खटला संपेपर्यंत किती हापूस सीझन जातील याचा नेम नाही, म्हणून पावती जपा. मालक पैसे भरणार असेल तर ती पगारातली उचल की मदत, हे त्याच दिवशी बोलून घ्यावं. यावरून पुढे कटकटी झालेल्या पाहिल्यात. कोर्टं बऱ्याचदा चार-सहा आठवड्यांसाठी तात्पुरता रोख जामीन घेतात आणि तेवढ्यात जामीनदार आणायला सांगतात. कोकणी कुटुंबाला हेच सर्वांत सोयीचं. माणूस आधी घरी येतो, सातबाऱ्याचा घोळ नंतर निस्तरता येतो.

जातमुचलका, म्हणजे वकिलांच्या तोंडचा पीआर बॉन्ड, यात तारखेला हजर राहण्याची हमी आरोपी स्वतःच लिहून देतो. जामीनदार नाही, आगाऊ पैसे नाहीत. गुन्हा जामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळतो असा, असेल आणि अटकेपासून आठवड्यात जामीनदार देता आला नाही, तर त्याला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावं, असं कलम ४७८ सांगतं. अजामीनपात्र गुन्ह्यात ते कोर्टाच्या मर्जीवर असतं. तिथे मोती राम खटल्याचा दाखला उपयोगी पडतो. गवंडीकाम करणाऱ्या या माणसाच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवून त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला लावलं. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही स्थानिक जामीनदाराच्या हट्टावर बोट ठेवलं आहे. जामीन मिळून महिन्यात बंधपत्र (हजर राहण्याची लेखी हमी) दिलं गेलं नाही, तर अटी सैल करायच्या का हे कोर्टाने आपणहून पाहावं, असं त्यात आहे.

मग सगळ्यांनाच जातमुचलका का नको? न्यायाधीशाची धास्ती अगदीच खोटी नाही. पावसाळी बंदी लागली की खलाशी गावी जातो आणि जुलैतली तारीख चुकते. पण त्यावर इलाज सातबारा नाही. तारीख त्याच्या मोबाइलवर कळवणं आणि नौकामालकाने त्याच्या पत्त्याची जबाबदारी घेणं, यातून जास्त साधतं. सुधारणा व्हायची तर इथे व्हावी, असं मला वाटतं. जमीन असलेला सुटतो नि नसलेला कुजतो, याचा हजेरीशी काय संबंध?

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत होऊ शकते. अट फारच जड असेल तर ती कमी करायला सत्र न्यायालयात आणि पुढे उच्च न्यायालयात जाता येतं. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना उच्च न्यायालयासाठी मुंबईऐवजी त्याचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. रायगडवाल्यांना मात्र अजून मुंबईच.

बागवाल्याला माझं सांगणं : अर्जातच लिहून घ्या, ‘जातमुचलक्यावर सोडावं, ते न जमल्यास तात्पुरता रोख जामीन घेऊन जामीनदारासाठी सहा आठवडे द्यावेत.’