सूत्रसंचालक निवडताना: विनोदवीर, तारा, जोडी की कोणीच नको?

पुरस्कार सोहळ्याच्या बैठकीत सूत्रसंचालकाचा विषय निघाला की चर्चा थेट नावांवर जाते. कोणाच्या तारखा मिळतील, कोण किती घेईल. त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: सोहळा समोरच्या सभागृहासाठी आहे की पडद्यावर बघणाऱ्यांसाठी? निम्मी नावं तिथेच गळतात.

ब्रिटिश विनोदवीर रिकी जर्व्हेसनं गोल्डन ग्लोब्ज या हॉलिवूडमधल्या चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कारांचं सूत्रसंचालन 5 वेळा केलं. 2020 मध्ये तर त्यानं विजेत्यांना बजावलंच, की राजकीय भाषणं ठोकू नका. पुरस्कार घ्या, एजंटचे आणि देवाचे आभार माना आणि निघा. घरी बसलेले लोक खूश झाले, सभागृहात मात्र अनेकांचे चेहरे ओढलेले. वाहिनीला हे परवडतं, कारण तिचं गिऱ्हाईक घरी आहे. एखाद्या संस्थेच्या किंवा कंपनीच्या सोहळ्यात पुढच्या रांगेतली माणसं हाच सगळा प्रेक्षकवर्ग असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याशीच काम करायचं असतं. तिथे जर्व्हेसची नक्कल करणारा माणूस आणणं म्हणजे मानधन देऊन भांडण विकत घेणं.

आता विनोदवीर की तारा? माझं मत विनोदवीराच्या बाजूनं आहे, पण कारण विनोद नाही. लिहून आणलेले विनोद कोणीही वाचू शकतो. न लिहिलेल्या क्षणाचं काय करायचं, हे मंचावर वर्षानुवर्षं एकट्यानं उभ्या राहिलेल्या माणसाला कळतं. 1992 चा ऑस्कर सोहळा बघा. सूत्रसंचालक विनोदवीर बिली क्रिस्टल. जॅक पॅलन्स या सत्तरी ओलांडलेल्या अभिनेत्याला सहाय्यक भूमिकेचा पुरस्कार मिळाला आणि गड्यानं मंचावर एका हातानं जोर काढून दाखवले. क्रिस्टलनं ते उचललं आणि रात्रभर पॅलन्सच्या अचाट पराक्रमांच्या नवनव्या थापा रचत राहिला. त्याच रात्री शंभरीचे निर्माते हॅल रोच जागेवरच उठून बोलू लागले. त्यांच्यापाशी माईक नव्हता, कोणाला काही ऐकू येईना, सभागृह अवघडलं. क्रिस्टल म्हणाला, बरोबरच आहे, यांची सुरुवातच मूकपटांतून झाली होती. सभागृह हसलं, आणि म्हाताऱ्या माणसाचा मानही राहिला. चांगला सूत्रसंचालक ओळखायला मला याहून नेमका दाखला माहीत नाही. तो आपला पुढचा विनोद घोकत विंगेत उभा नव्हता. मंचावर आणि सभागृहात काय चाललंय ते बघत होता.

अर्थात, विनोदवीर म्हटला की झालं असं नाही. जॉनी कार्सन आणि डेव्हिड लेटरमन, दोघेही अमेरिकेतल्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांचे बादशहा. कार्सननं ऑस्कर 5 वेळा सांभाळला, लेटरमननं 1995 मध्ये एकदाच. ओप्रा (विन्फ्री) आणि उमा (थर्मन) या दोन नावांवरचा लेटरमनचा विनोद पडला, तरी तो तो ताणत राहिला. पुढे कित्येक वर्षं तो स्वतःच त्याची टिंगल करत असे. स्वतःच्या कार्यक्रमात आलेला प्रेक्षक यजमानासाठी आलेला असतो. पुरस्कारांना आलेला माणूस स्वतःसाठी आलेला असतो.

त्यातच या कामाची खरी अडचण आहे. पाच नामांकनं असतील तर प्रत्येक पुरस्काराला एक माणूस जिंकतो आणि चार हरतात. कार्यक्रम पुढे सरकतो तशी हरलेल्यांची संख्या वाढत जाते, आणि पहिल्या दहा मिनिटांत मनापासून हसलेलं सभागृह तिसऱ्या तासाला कुठलाच विनोद अंगावर घ्यायच्या मनःस्थितीत नसतं. वाईट सूत्रसंचालक तेव्हाही सुरुवातीच्याच जोरात बोलत राहतो. चांगला आखडतं घेतो: नाव, पुरस्कार, पुढचा पाहुणा. म्हणून एखाद्याचं जुनं चित्रीकरण मागवाल तेव्हा शेवटचा अर्धा तास मागा. सुरुवातीचं निवेदन सगळ्यांचंच घोटवलेलं असतं.

ताऱ्याचा फायदा उघड आहे, तिकिटं आणि प्रायोजक. कधीकधी कामही उत्तम होतं: ह्यू जॅकमननं 2009 चा ऑस्कर गात-नाचत पेलला. पण तो मुळात संगीत रंगभूमीवर तयार झालेला गडी, आणि त्याआधी अमेरिकी रंगभूमीच्या टोनी पुरस्कारांचं सूत्रसंचालन केलेला. दोन वर्षांनी तरुण प्रेक्षकांवर डोळा ठेवून अ‍ॅन हॅथवे आणि जेम्स फ्रँको यांना आणलं गेलं. दोघंही चांगले नट. फ्रँको कुठेतरी हरवलेला आणि हॅथवे त्याच्याही वाटणीचा उत्साह एकटी ओतत असलेली, असं ते दृश्य होतं. त्याच रात्री क्रिस्टल नुसता पाहुणा म्हणून मंचावर आला, तर सभागृह उभं राहिलं. पुढच्या वर्षी सूत्रसंचालन पुन्हा त्याच्याकडे गेलं.

जोडी घ्यायचीच असेल तर आधीची जोडी घ्या. टीना फे आणि एमी पोएलर यांनी गोल्डन ग्लोब्ज 4 वेळा केले. दूरचित्रवाणीवर एकमेकींशेजारी बसून बातम्यांची थट्टा करण्याचा सराव त्यांना आधीपासून होता. एकीनं कुठे थांबायचं ते दुसरीला सांगावं लागत नव्हतं. फक्त पोस्टरवर शोभतात म्हणून जुळवलेली दोन माणसं एकमेकांची वाक्यं संपण्याची वाट बघत उभी राहतात.

चूक झाल्यावर माणूस काय करतो, हेही तपासून घ्या. जानेवारी 2024 च्या गोल्डन ग्लोब्जमध्ये सूत्रसंचालक असलेल्या विनोदवीर जो कॉयचे विनोद पडू लागले, तेव्हा त्यानं मंचावरूनच सांगितलं की हे काम आपल्याला दहाच दिवसांपूर्वी मिळालं, आणि हसू आलेले विनोद तेवढे आपले. लेखकांवर ढकललेलं सभागृहाला आवडत नाही. याउलट 2015 च्या मिस युनिव्हर्समध्ये स्टीव्ह हार्वीनं चक्क चुकीची विजेती जाहीर केली. घोळ त्याहून कितीतरी मोठा. पण तो स्वतः मंचावर परतला, चूक आपली म्हणाला, हातातलं कार्ड दाखवलं, आणि पुढच्या वर्षीही ती स्पर्धा त्याच्याकडेच राहिली. जो कॉयच्या बाजूनं एवढंच म्हणेन, की दहा दिवसांत माणूस उभा करणाऱ्या आयोजकांचाही त्यात वाटा होता. तुमच्याकडे तेवढेच दिवस उरले असतील तर नवं नाव शोधू नका. ज्यानं तुमचाच सोहळा आधी केलाय त्याला फोन लावा.

राहता राहिला शेवटचा पर्याय, कोणीच नको. ठरलेला सूत्रसंचालक, विनोदवीर केविन हार्ट, जुन्या ट्वीट्सवरून वाद झाल्यावर बाजूला झाला, त्यानंतर 2019 चा ऑस्कर सूत्रसंचालकाशिवाय झाला. अमेरिकेतला प्रेक्षक आदल्या वर्षीच्या 2 कोटी 65 लाखांवरून 2 कोटी 96 लाखांवर गेला. सगळ्यांना वाटलं, युक्ती सापडली. 2020 मध्येही सूत्रसंचालक नव्हता, आणि आकडा 2 कोटी 36 लाखांवर घसरला. त्यामुळे प्रेक्षक वाढेल या आशेनं हा मार्ग घेऊ नका. वेळ कमी असेल, पुरस्कार थोडे असतील आणि प्रत्येक पाहुणा आपापलं नीट बोलणारा असेल, तर जरूर घ्या. पैसेही वाचतील. मात्र चुकीचं पाकीट उघडलं गेलं, विजेता हजरच नाही, वीज गेली, अशा वेळी मंचावर जाऊन बोलणारा एक माणूस माईकसकट विंगेत ठेवावाच लागतो, आणि ते काम आपलं आहे हे त्याला आदल्या दिवशीच्या तालमीत सांगितलेलं असावं लागतं.